दाजींचं पूर्ण मापाचं पिस्तूल

दाजींची आणि माझी शेवटची भेट एका जाहिरातीवरून वाद घालण्यात गेली. वाद म्हणजे बोलत मी एकटाच होतो... दाजींचा आवाज जाऊन तेव्हा बरेच महिने झाले होते. बेगडेवाडीच्या त्यांच्या घरात, पुढच्या खोलीत, खिडकीला लागून टाकलेल्या दवाखान्यातल्यासारख्या खाटेवर त्यांना उशांना टेकवून बसवलं होतं. नाकावर श्वासाच्या यंत्राचा मास्क होता. मी खुर्ची अगदी जवळ ओढून नेमबाजांच्या ग्रुपवर आलेला निरोप मोबाईलवरून त्यांना वाचून दाखवत होतो. ‘हवेचं पिस्तूल विकणे आहे. पूर्ण माप, परदेशी बनावट, एकाच हातचं, अक्रोडाच्या लाकडाची मूठ, सोबत जादा सिलिंडर.’ एवढं वाचून मी त्यांच्याकडे पाहिलं. पापणी मिटली की ‘हो’ आणि नजर वर छताकडे गेली की ‘नाही’, एवढीच भाषा आता उरली होती. दाजींनी छताकडे पाहिलं. “का? चांगलं वाटतंय की,” मी म्हणालो. पुन्हा छत. “किंमत जास्त सांगतोय?” पापणी मिटली. “थोडी जास्त की बरीच?” या प्रश्नाला हो-नाहीत उत्तर देता येत नाही हे माझ्या लक्षातच आलं नाही. दाजींनी मात्र डोळे असे काही वटारले की स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली माझी बहीण आक्का हसायला लागली. “बरीच म्हणतायत. मेव्हण्या-दाजींची घासाघीस अजून संपेना का?”

ते पिस्तूल आम्हाला घ्यायचं नव्हतं. पण दर रविवारी मी लोणावळ्याहून यायचो, आठवडाभरात ग्रुपवर आलेल्या अशा जाहिराती वाचायचो आणि दाजी एकेक नापास करायचे. त्या रविवारीही तसंच झालं. निघताना मी त्यांच्या पायाला हात लावला. पाय गार होते, पण ते नेहमीच गार असायचे. पुढच्या आठवड्यात मी शाळेत परीक्षेच्या पर्यवेक्षणाला उभा असताना भाचीचा, स्नेहलचा फोन आला. “मामा... बाबा...” आणि पुढे नुसता तिचा श्वास. मी उत्तरपत्रिका दुसऱ्या शिक्षकांच्या हातात दिल्या आणि मिळेल त्या गाडीने बेगडेवाडीला गेलो. स्टेशनातून त्यांच्या घरापर्यंतचा रस्ता मी आयुष्यात इतका हळू कधी चाललो नसेन. लवकर पोचून तरी काय करणार होतो...

दाजींच्या पुण्यानुमोदनाचा, श्रद्धांजलीचा कार्यक्रम होऊनही आता बरेच दिवस झालेत. आल्यागेलेल्यांपैकी पुष्कळांनी मला एकच विचारलं, “तुमच्या दाजींना त्या पिस्तुलाचा नाद लागला कसा?” त्यांना उभ्याउभ्या काय सांगणार? म्हणून हे लिहायला बसलो.

दाजी म्हणजे प्रल्हाद, माझ्या थोरल्या बहिणीचे, शकुंतला आक्काचे यजमान. मूळचे सुदुंबऱ्याचे. तळेगावच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये त्यांची सगळी नोकरी गेली. लोखंडावर कानस फिरवून, मोजून, पुन्हा फिरवून एखादा भाग दुसऱ्या भागात अलगद बसेपर्यंत त्यांना चैन पडायचं नाही. घरातही तसंच. मिक्सर घ्यायचा तर सगळी दुकानं पालथी घालायची, झाकण उघडून रबर दाबून बघायचं आणि दुकानदाराला विचारायचं, “ह्याचं रबर सुटं मिळतं का?” सुटा भाग मिळत नसेल ती वस्तू दाजींनी कधी घेतली नाही. आक्का म्हणायची, “मला बघायला आले तेव्हा काय तपासलं होतंत?” दाजी गंभीरपणे म्हणायचे, “तवा अक्कल कमी हुती.” गाव सोडून बेगडेवाडीला येऊन त्यांना कितीतरी वर्षं झाली होती, तरी घरात बोलताना सुदुंबऱ्याची भाषा त्यांनी सोडली नव्हती.

कारखान्याने स्वेच्छानिवृत्ती देऊन त्यांना लवकरच घरी बसवलं. त्याच हिवाळ्यात ही दोघं आणि स्नेहल माझ्याकडे लोणावळ्यात तुंगार्लीला राहायला आली होती आणि मी सगळ्यांना वर पॉइंटवर घेऊन गेलो. तिथे कणीस-भजीच्या टपऱ्यांशेजारी एक बाई फुग्यांचा फळा लावून बसली होती, पुढे टेबलावर हवेची बंदूक. स्नेहलने हट्ट केला म्हणून दाजींनी बंदूक उचलली. पहिले दोन छर्रे उजवीकडे गेले. दाजींनी बंदूक डोळ्यांसमोर आडवी धरून नळीकडे पाहिलं आणि पुढे एकामागून एक फुगे फोडायला लागले. फळा रिकामा होत आला तशी बाई उठून उभी राहिली. “दादा, आता पुरं करा. तुमी असं केलं तर म्या फुगवत बसू का धंदा करू?” आम्ही सगळे हसलो. दाजीही हसले. उतरताना गाडीत म्हणाले, “मिलिंदा, त्या येळंला दुसरं काय ऐकूच येत नव्हतं बघ. कारखाना सुटल्यापासून पयल्यांदा डोकं शांत झालं.”

पुढच्याच महिन्यात त्यांनी तळेगावात एक लहानशी रेंज शोधून काढली. पत्र्याची शेड, दहा मीटरवर कागदी टारगेट. शिकवणारे एक निवृत्त सर होते. बंदुकीपेक्षा पिस्तूल अवघड, ते एका हातात, उभ्याने, कशाचाही आधार न घेता धरायचं असतं, असं सरांनी सांगितलं आणि दाजींनी अर्थातच पिस्तूल निवडलं. बाकीची बरीचशी शाळा-कॉलेजातली पोरं. त्यांच्यात टक्कल पडलेले, चष्मा लावलेले हे गृहस्थ. पण हात असा स्थिर की पोरं आपला नेम सोडून यांच्याकडे बघत राहायची. रेंजची पिस्तुलं जुनी, सगळ्यांच्या हातांनी गुळगुळीत झालेली. सरांनी सुचवलं, आता स्वतःचं घ्या. हवेच्या पिस्तुलाला परवान्याची कटकट नव्हती. कटकट होती ती दाजींच्या स्वभावाची.

ती निवड वर्षभर चालली. रविवारी मी लोणावळ्याहून गाडीत बसायचो, बेगडेवाडीला दाजी चढायचे आणि आम्ही पुण्याच्या दुकानांत जायचो. दोनदा मुंबईलाही गेलो. देशी बनावटीचं पिस्तूल परवडणारं, पण त्याचा घोडा दाजींना खरखरीत वाटायचा. परदेशी उत्तम, पण नवं घ्यायची ऐपत नाही. दुकानदार मध्यम मार्ग म्हणून लहान मापाचं पुढे करायचे, आखूड नळीचं, हलकं, मुलांना आणि नवशिक्यांना देतात तसं. दाजी ते हातातही घ्यायचे नाहीत. “पूर्ण मापाचं दाखवा. नळी लांब आसंल तर नेमातली चूक लगेच दिसती. आखूड नळीत माणूस सोताला फसवतो.” हे त्यांनी सरांकडून ऐकलेलं असणार, पण सांगायचे असं की शोध त्यांनीच लावलाय.

पिस्तूल पारखायची त्यांची एक रीत होती, तीही सरांनीच शिकवलेली. पिस्तूल हातात घ्यायचं, टारगेटकडे बघायचं, मग डोळे मिटायचे. डोळे मिटूनच हात वर उचलायचा आणि मग उघडायचे. नेम धरायची नळीच्या टोकावरची माशी आणि मागची खाच आपोआप एका रेषेत आलेली दिसली तर ते पिस्तूल आपल्या हाताचं. नाही दिसली तर कितीही महागाचं असो, परक्याचं. दुकानात, काउंटरसमोर, गिऱ्हाइकांच्या गर्दीत दाजी डोळे मिटून हात वर करून उभे राहायचे, तेव्हा मला संकोच वाटायचा. लोक थबकून बघायचे. दाजींना त्याचं काही नव्हतं. डोळे उघडायचे, मान हलवायचे, पिस्तूल खाली ठेवायचे. “चांगलं हाय. माझं न्हाई.”

शेवटी त्यांचं पिस्तूल पुण्यातच एका गृहस्थांकडे सापडलं. त्यांची मुलगी नेमबाजी सोडून परदेशी शिकायला गेली होती. जर्मन बनावट, पूर्ण माप, वापरलेलं पण जपलेलं. दाजींनी डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले आणि हात खालीच आणेनात. मी विचारलं, “काय झालं?” तर हळूच म्हणाले, “काय नाय. बघत बसावं वाटतंय.” मग सुटे भाग मिळतात का, रबरं कुठे बदलून मिळतील, सगळी चौकशी झाली. परत येताना पिस्तुलाची पेटी त्यांनी मांडीवर घेतली होती. म्हणाले, “हे मला पंच्याहत्तरीपर्यंत पुरंल. त्याच्या पुढं तू बघ.”

घरी त्यांच्या आई होत्या, मी त्यांना मावशी म्हणतो. दाजींनी पेटी बुद्धमूर्तीच्या कोनाड्याखालच्या टेबलावर उघडली, तशा मावशी पुढे आल्या. “आरं, बुद्धाम्होरं बंदूक ठिवतोस व्हय रं?” दाजी म्हणाले, “आई, ह्यानं मुंगीबी मरत न्हाई. कागदाला भोक पडतं निस्तं.” मावशींनी थोडा विचार केला. “मंग यवढ्या लांबनं कशाला पाडायचं? जवळ जाऊन दाभण घाल की.” हे वाक्य पुढे रेंजवर सगळ्यांना पाठ झालं होतं.

त्यानंतरचं वर्ष फार चांगलं गेलं. त्या वर्षाबद्दल लिहिण्यासारखं काही नाही, कारण सुखाच्या दिवसांत विशेष काही घडत नाही. दाजी सकाळी सरावाला जायचे, दुपारी पिस्तुलाची लाकडी मूठ आपल्या पंजाला आणखी नेमकी बसावी म्हणून कुठे कानस मारायचे, कुठे लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी भरायचे. वयस्कांच्या गटात एका स्पर्धेत त्यांना पदक मिळालं. ते त्यांनी मावशींच्या गळ्यात घातलं आणि त्या दिवसभर काढायला तयार नव्हत्या.

मग एका रविवारी ते म्हणाले, “हे जरा जड पडाया लागलंय.” मी म्हणालो, वय झालं. त्यांनी पिस्तुलाला लावलेलं जादा वजन काढून टाकलं. काही दिवस बरं वाटलं. मग मूठ सैल वाटायला लागली. अंगठ्याच्या बुडाशी पोकळी राहते म्हणायचे. तिथे लांबी भरली. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा पोकळी. पुन्हा लांबी. आक्का चिडून म्हणाली, “एवढी लांबी भिंतीला भरली असती तर घराचं काम झालं असतं.” आम्ही सगळेच हसायचो. मूठ दर महिन्याला जाड होत होती आणि आम्हाला वाटायचं, यांचा नेमकेपणा वाढतोय...

“माप चुकलं बहुतेक माझं,” असं दाजींच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं ते त्या पावसाळ्याच्या शेवटी. ज्यांनी कधी वस्तू घेताना चूक केली नाही, त्यांना ते म्हणताना किती जड गेलं असेल. हलकं बघू या, म्हणाले. आम्ही पुन्हा पुण्याच्या त्या नेहमीच्या दुकानात गेलो. दुकानदार ओळखीचा झाला होता. त्याने आधी आणखी एक पूर्ण मापाचं पण हलक्या धातूचं काढलं. दाजींनी डोळे मिटले, हात वर केला, डोळे उघडले. माशी खाली होती. “हे खाली बघतंय,” म्हणाले. दुसरं दिलं. तेही खाली. मग दुकानदाराने न विचारता ते लहान मापाचं, मुलांचं पिस्तूल काढून काउंटरवर ठेवलं. दाजी त्याच्याकडे थोडा वेळ बघत राहिले, मग त्यांनी ते उचललं. डोळे मिटले. या वेळी मी पिस्तुलाकडे न बघता त्यांच्या हाताकडे बघत होतो. दंडाच्या कातडीखाली काहीतरी सतत बारीक बारीक उडत होतं, पाण्याला उकळी फुटायच्या आधी हलतं तसं. हात वर गेला, थांबला आणि त्यांचे डोळे मिटलेलेच असताना हळूहळू खाली यायला लागला. त्यांना ते कळत नव्हतं. त्यांनी डोळे उघडले.

“समदीच खाली कशी बघाया लागली?” ते म्हणाले.

दुकानदार तिशी-पस्तिशीचा असेल. त्याने पिस्तूल त्यांच्या हातातून अगदी सावकाश काढून घेतलं. “काका, पिस्तूल बदलून होणार नाही,” तो म्हणाला. “एकदा हात दाखवून घ्या कुणाला तरी. चांगल्या डॉक्टरला.” दाजींनी उजवा पंजा उघडून बघितला. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग बसला होता, तिथे खड्डा पडला होता. इतके महिने ते लाकडावर लांबी भरत होते, पण कमी होत होता तो हात. आम्ही दुकानाबाहेर येऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिलो. दाजी म्हणाले, “चहा घेऊ.” चहा घेताना त्यांनी कप डाव्या हातात धरला होता. तो ते डाव्या हातात कधीपासून धरायला लागले होते, कुणास ठाऊक.

पुढचं सगळं ज्यांनी घरात असा आजार पाहिलाय त्यांना सांगायची गरज नाही. आधी मानेचा मणका म्हणून पट्टा, मग व्यायाम, मग एका मोठ्या इस्पितळात स्नायूंत सुया घालून केलेली तपासणी. डॉक्टरीणबाई समजूतदार होत्या. मोटर न्यूरॉनचा आजार आहे, असं त्यांनी मराठीत, घाई न करता सांगितलं. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसा एकेक करून काम सोडतात. हात, पाय, मग बोलणं, गिळणं... आणि शेवटी श्वास. दाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “ह्यातला कुटला भाग बदलता येतो?” त्या म्हणाल्या, “कुठलाच नाही.” दाजींनी मान हलवली. आयुष्यभर त्यांनी जे दुकानदारांना विचारलं तेच विचारलं होतं आणि नको असलेलं उत्तर मिळाल्यावर जशी मान हलवायचे तशीच हलवली. फरक एवढाच, की ही वस्तू परत ठेवून बाहेर पडता येत नव्हतं.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, “पिस्तूल आत्ताच काढलं तर बरी किंमत येईल. ठेवून ठेवून भाव पडंल.” आक्का इतका वेळ खिडकीबाहेर बघत होती. तिने मागे वळूनही पाहिलं नाही. “विकायचं नाही,” एवढंच म्हणाली.

आम्ही करायचं ते सगळं केलं. मुंबईला दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो. कुणी वैद्य सांगितला, तिथे गेलो. स्नेहल पुण्यातली नोकरी सांभाळून इंटरनेटवर जगभरचं वाचायची आणि दर आठवड्याला काहीतरी नवं घेऊन यायची. मग हळूहळू तिने आणायचं बंद केलं. प्रत्येक महिन्यात आजार एक पाऊल पुढे असायचा आणि आम्ही कालच्याची सोय करत बसलेलो. शर्टाची बटणं जमेनात म्हणून आक्काने सदऱ्यांना चिकटपट्ट्या शिवल्या, तोवर हात बाहीत जाईना. उंच खुर्ची आणली, तोवर उभं राहता येईना. मावशी ऐंशीच्या पुढच्या. लेकाला घास भरवताना त्या एकदा मला म्हणाल्या, “माजं हात अजून तांदूळ निवडत्यात रं. मला दिसतंयबी. मंग ह्याचंच का?” मी भूगोल शिकवणारा माणूस. त्यांच्या हाताशी पाण्याचं भांडं सरकवलं.

रेंजवर मात्र दाजी जात राहिले. आधी डाव्या हाताने. मग टेबलावर स्टँड ठेवून, त्यावर नळी टेकवून. मग नुसते चाकाच्या खुर्चीत, मागे बसून. आणि गंमत अशी की याच काळात लोक त्यांना विचारायला यायला लागले. वर्षभर दुकानं धुंडाळल्यामुळे कुठलं पिस्तूल कसं, कुणाच्या हाताला काय चालेल, किमतीच्या मानाने काय बरं, हे त्यांच्याइतकं कुणाला सांगता येत नव्हतं. बाप लोक मुलींना घेऊन यायचे, मुलं वापरलेली पिस्तुलं पेटीतून दाखवायला आणायची. दाजी खुर्चीत बसून म्हणायचे, “डोळं मिट. हात वर कर. उघड. काय दिसतंय?” बोलणं जड झालं तेव्हा मी शेजारी उभा राहून त्यांचं म्हणणं पुन्हा सांगायचो. मग मलाही कळेनासं झालं, तेव्हा आक्का सांगायची. तिला सगळ्यात शेवटपर्यंत कळत होतं. एका मुलीला तिच्या वडिलांनी हौसेने पूर्ण मापाचं, महागडं पिस्तूल आणलं होतं. दाजींनी तिचा हात वर गेलेला पाहिला आणि काहीतरी पुटपुटले. आक्का म्हणाली, “ते म्हणतायत, आत्ता लहान मापाचं घ्या. लाज वाटून घेऊ नका.” जे पिस्तूल ते हातातही घ्यायचे नाहीत, ते! मी दाजींकडे पाहिलं. ते त्या मुलीकडेच बघत होते.

खाटेवरून उठणं थांबलं तेव्हा रेंजही थांबली. पिस्तूल कपाटात साड्यांच्या खाली गेलं. दाजी त्या कपाटाकडे बघत राहायचे. शेवटी आक्कानेच ते बाहेर काढलं. त्यांच्या घरात पुढच्या खोलीपासून मोरीपर्यंत एक लांबट बोळ आहे. त्याच्या टोकाला तिने लोखंडी पेटी टांगली, आत चिंध्या कोंबल्या, वर टारगेटचा कागद लावला आणि दाजींची खाट अशी फिरवून घेतली की त्यांना तो कागद दिसेल. जिने जन्मात कधी गोफणीने चिमणी हाकलली नाही ती माझी बहीण, साडीचा पदर खोचून, पिस्तूल धरून उभी राहायची. ती जाड झालेली मूठ तिच्या हातात बसायची नाही. तरी रोज दुपारी, मावशी झोपल्या की एक छर्रा. फक्त एक. तो ‘फट्’ आवाज झाला की दाजींच्या कपाळावरच्या आठ्या जायच्या, असं ती सांगायची. मग ती विचारायची, “बरोबर?” दाजी छताकडे बघायचे. नाही. छर्रा कागदावर लागलेला असायचा, पण कुठेतरी कडेला. “खांदा चुकला?” पापणी. “मनगट?” पापणी. रोज नवी चूक. ती वैतागायची, “अहो, कधीतरी एकदा हो म्हणा की! कुणाचं काय जातंय?” एका रविवारी हे माझ्यासमोर घडलं. दाजी तिच्याकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांच्या कडांना हसताना पडायच्या त्या सुरकुत्या पडल्या होत्या. मग त्यांनी शांतपणे छताकडे पाहिलं. आम्ही तिघंही हसलो. म्हणजे दोघं हसलो आणि तिसरे हसताहेत हे आम्हाला कळलं.

गेल्या रविवारी मी पुन्हा बेगडेवाडीला गेलो. खाट आणि श्वासाचं यंत्र परत गेलंय. खोली एकदम मोठी वाटते. मावशी दारात ऊन खात बसल्या होत्या. रेंजवरच्या दोघा-तिघांनी माझ्याकडे पिस्तुलाबद्दल विचारणा केली होती, तो विषय कसा काढावा या विचारात मी होतो. आक्काने चहा ठेवला आणि म्हणाली, “मिलिंद, इकडे ये. एक दाखवायचंय.” ती मला बोळाच्या टोकाला घेऊन गेली. पेटी तिने उतरवली होती, खिळा तेवढा राहिला होता. खिळ्यापासून वीतभर बाजूला गिलाव्याला एक बारीक भोक होतं, भोवतीचा चुना किंचित उडालेला.

“त्या दिवशी तू दुपारी गेलास ना, ती जाहिरात वाचून,” ती म्हणाली, “त्यानंतर मी नेहमीसारखी उभी राहिले. त्यांच्या छातीचा भाता त्या दिवशी फार जोरात चालला होता, माझं लक्ष सगळं तिकडेच. माझा हात हलला. छर्रा कागदाला नाही, पेटीलाही नाही, इथं भिंतीत बसला. मला वाटलं, आता डोळे वटारतील. मी विचारलं, बरोबर?”

 आत चहा उतू जायच्या बेताला आला होता. ती तशीच उभी होती.

“त्यांनी पापणी मिटली. मला वाटलं चुकून मिटली असेल. म्हणून पुन्हा विचारलं, अहो, बरोबर होतं? तर पुन्हा मिटली. नीट, सावकाश. हो म्हणाले रे मला... इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मी तिथंच खाली बसले.”

स्नेहलने कार्यक्रमाच्या आधी घराला रंग द्यायला माणूस बोलावला होता. सगळा बोळ पांढरा झालाय. ते भोक मात्र तसंच आहे आणि त्याच्याभोवती ताटाएवढा जुना, पिवळट रंग. आक्काने रंगाऱ्याला तेवढी जागा सोडायला सांगितली. त्याने कारण विचारलं, तेव्हा ती म्हणाली, “तिथं आमच्या ह्यांनी हात लावू नका म्हणून सांगितलंय.”